शाळेच्या घराचा आंबा

आमच्या शाळेच्या मागे एक गावरान आंबा होता. शाळेसाठी जागा साफ केली तेव्हा गावाने तेवढं एक झाड राखायला लावलं होतं. मुलं त्याच्या सावलीत टकळीवर सूत काततात, पाढे म्हणतात, भांडतात, एवढाच त्या झाडाचा आणि शाळेचा संबंध आहे असं मी धरून चाललो होतो.

पुढे मी बऱ्याच शाळांचा हेडमास्तर झालो. चांगल्या पक्क्या इमारतींच्या, भरपूर मास्तरांच्या शाळा चालवल्या. नवे मुख्याध्यापक भेटायला येतात तेव्हा विचारतात, शाळा चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी शिस्तीचं, वेळापत्रकाचं काही सांगीन अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांना पन्ह्याची गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात. काही जण घड्याळाकडे बघतात, आणि त्यांच्या शाळा कशा चालतील ते मला तिथेच कळतं.

आधी माझं सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी लपवत नाही आणि खाली मान घालून सांगायचं सोंगही करत नाही. चांद्याकडे मूल म्हणून गाव आहे, त्याच्या बाजूला आमचं धानाचं गाव. बाप चिखलात वाकून रोवणा करायचा आणि मी बांधावर बसून धडे पाठ करायचो. मूलला शिकलो, चांद्याला शिकलो, नागपूरला एका खोलीत हाताने भात शिजवून कॉलेज केलं. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा बाप बैलाला पाणी पाजत होता.

“पास झाला म्हणतेस. मंग आता कोणती परीक्षा राह्यली?”

“कोणतीच नाई, बाबा.”

“सरली?”

“सरली.”

“मंग आता तू दुसऱ्याच्या पोराईच्या घे,” असं म्हणून तो बैल घेऊन गोठ्यात गेला. मला मास्तरच व्हायचं होतं, त्यामुळे मी तो आशीर्वाद समजलो.

तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता, राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. बी.ए. झालेल्याला शहरात कुठेही जागा मिळाली असती. मला आलापल्लीच्या पलीकडे, जंगलात, एका माडिया गावात पाठवलं. आलापल्लीपर्यंत मोटर जायची, तिच्या पुढे बैलबंडी, आणि बंडी जिथे अडेल तिथून पाय. सोबतचे म्हणाले, एवढं शिकून चौथीपर्यंतच्या शाळेत काऊन चालला? मी म्हटलं, ती चौथीपर्यंतची राहणार नाही म्हणून चाललो. शाळाखात्याच्या साहेबाने तसा शब्द दिला होता. शब्दाला एक अट होती.

“तुमची चौथी परीक्षेला बसवा,” साहेब म्हणाले होते. “पोरं पास करून दाखवा. पुढच्या वर्षी तुम्हाला पाचवी देतो. चौथीच परीक्षेला आली नाही, तर वरचा वर्ग मी कोणासाठी काढू?”

त्या गावातून तोवर एकही मूल चौथीच्या परीक्षेला बसलेलं नव्हतं. पाचवी हवी तर आलापल्लीला राहावं लागे, आणि तिथे जंगलगावच्या मुलाला ठेवून घेणारं कोणी नव्हतं. म्हणजे पाचवी गावात आली तरच मुलं पुढे शिकणार, नाहीतर चौथीवर पाटी ठेवून मोकळी. मी स्वतः शाळेपायी घर सोडून राहिलो होतो. त्यात किती मुलं गळतात ते मी माझ्या बरोबरीच्यांत पाहिलं होतं. म्हणून ती पाचवी मला हवी होती, आणि एखादी वस्तू हवी असावी तशी हवी होती.

शाळेत आम्ही दोनच मास्तर. मला मुलं मोठे गुरुजी म्हणत. माझ्या हाताखाली नुकताच मास्तर तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमधून निघालेला एक तरुण होता, नागपूरकडचा, धुवट कपड्यांचा, पुस्तकातल्यासारखं बोलणारा. त्याला लहान गुरुजी म्हणत. मनाने फार चांगला. मुलाच्या पायात काटा मोडला तर स्वतः मांडीवर पाय घेऊन काढायचा.

चौथीत मोजकीच मुलं होती आणि त्यांत एक मुलगी, गावच्या पाटलाची नात. वर्गात सगळ्यांत तल्लख तीच. मराठी तिला शाळेत येऊन शिकावी लागली होती, तरी मी कधी माडिया बोलायचा प्रयत्न केला की तोंडावर हात ठेवून हसायची आणि मग गंभीर होऊन मला दुरुस्त करायची. मी तिला गणित शिकवायचो आणि ती मला माडिया. हिशेब बरोबरीचा होता.

उन्हाळा लागला की आमच्याकडे शाळा सकाळची होते. सगळीकडे तोच नियम. पण चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि ती वेचायला घरातलं सगळं माणूस जंगलात जातं, मुलं धरून. सकाळी घंटा वाजवली तर ऐकायला कोणी नसायचं. आधीच्या मास्तरांनी मुलांना आळशी म्हटलं होतं. मी पहिल्याच वर्षी शाळा दुपारची केली. मोहफुलं वेचून, वाळत घालून, जेवून मुलं यायची आणि वर्ग भरायचा. साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पोरं येतात ना? मग झालं.” त्या निर्णयाचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे.

पण दुपारची शाळा म्हणजे दुपारचं ऊन. त्या वर्षी ऊन कडक होतं. एका दुपारी दुसरीतलं एक मूल वर्गात चक्कर येऊन पडलं. लहान गुरुजी घाबरला. त्याने मुलाच्या डोक्यावर पाणी घातलं, वारा घातला, मूल उठून बसलं, पण ह्याच्या मनातून ते जाईना.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला आलापल्लीला गेलो होतो. एक मुक्काम करून, दिवसभर उन्हात चालत संध्याकाळी परतलो तेव्हा शाळा सुटली होती आणि लहान गुरुजी ओट्यावर हसत उभा होता. त्याने माझ्या हातात गडवा दिला.

“सर, आज आरोग्याचा धडा प्रत्यक्ष करून घेतला. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं प्यावं, असं पुस्तकात आहे ना? वादळाने मागच्या झाडाच्या कैऱ्या पडल्या होत्या. मुलांकडूनच उकडून घेतल्या. गूळ माझ्याजवळ होता. सगळ्यांना पानाच्या द्रोणात दिलं.”

“प्याले का सगळे?”

“आधी नको म्हणत होते. मी म्हटलं, हे औषध आहे, प्या. मग प्याले. पाटलांची नात तेवढी द्रोण हातात धरून बसली. मी पाठ वळवली तर तिने तो तसाच भरलेला भिंतीशी ठेवून दिला.”

मी गडवाभर प्यालो. उन्हातून आलेल्या माणसाला अमृतच ते. गूळ मात्र जरा कमी होता, पण त्याचा आनंद पाहून मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. रस्त्यावर एक कुत्रं आलं, आमच्याकडे बघून गेलं. चौथीची जागा रिकामी, पहिलीची रिकामी. लहान गुरुजी म्हणाला, “मोह जास्त पडला असेल.” मला तसं वाटलं नाही. मोह फार पडायचा त्या दिवशीही दोन-चार तरी यायचेच.

मी पाटलाकडे गेलो. पाटील अंगणात बसून वाळत घातलेल्या मोहफुलांतला कचरा वेचत होता. उंच, वाळका माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघायचा.

“राम राम, पाटीलभाऊ. आज पोरं काऊन नाई आली?”

“या मास्तर, बसा. पोरं घरीच हायेत.”

“बिमार पडली का?”

“बिमार नाई. भेली.”

“कशाले भेली?”

“तुमी आंबा पाजला ना जी त्याईले.” त्याने एक काडी उचलून बाजूला टाकली. “तुमचा तो लहान मास्तर. त्याले वाटे, आंबा झाडाले दिसला म्हंजे खायाचा झाला.”

मग त्याने सांगितलं. आंबा झाडाला लागला तरी मरका पंडुम झाल्याशिवाय गावात कोणी त्याला तोंड लावत नाही. मरका म्हणजे आंबा आणि पंडुम म्हणजे त्याचा सण. गावचा पुजारी दिवस धरतो. त्या दिवशी आंबा आधी धरतीला, मग गेलेल्या वाडवडिलांना, आणि त्यांचं झालं की जिवंत माणसांना. त्याच्याआधी खाल्लं तर खाणाऱ्यावर दोष येतो. मुलांनी घरी जाऊन रडत सांगितलं होतं, गुरुजीने औषध म्हणून पाजलं. आता आयाबाया भ्याल्या होत्या. लेकराला साप चावेल, ताप येईल, काय होईल कोणी सांगावं. पंडुम होऊन दोष उतरेपर्यंत कोणी लेकरू शाळेकडे धाडणार नव्हतं.

“पण तुमच्या नातीनं तं नाई पेला,” मी म्हटलं.

“नाई पेला. तरी ते बी घरीच हाय. बाकीच्या लेकराईनं घरी बसावं अन् पाटलाच्या नातीनं शाळेत जावं, असं चालते का?”

मी बी.ए. झालेला माणूस. मी समजावायला सुरुवात केली. म्हटलं, पाटीलभाऊ, कैरीत काही विष नसते. ऊन लागते त्याच्यावर तेच औषध. डॉक्टरबी तेच सांगते. पुस्तकात लिहिलं आहे. तो ऐकत होता, मोहफुलं निवडत होता. माझं बोलणं चांगलं चाललं होतं आणि मी आणखी बोललो असतो. पण बोलता बोलता मला आमचं खळं आठवलं.

मी लहान होतो. खळ्यावर नव्या धानाची रास पडली होती. मी चार दाणे सोलून तोंडात टाकले. बापाने पाहिलं. त्याने मला कधी मारलं नाही आणि त्या दिवशीही मारलं नाही. तोंडात बोट घालून दाणे बाहेर काढले आणि म्हणाला, “अजून नवं नाई झालं, बाबू.” आमच्याकडे नवा तांदूळ शिजवून देवाला आणि पितरांना दाखवला जायचा, त्याला नवं म्हणत. ते झाल्याशिवाय घरात कोणी नवा दाणा खात नसे. घरातला जुना तांदूळ सरला तर माय शेजारून उसना आणायची, नव्याला हात लावायची नाही. त्या दिवशी बापाला कोणी पुस्तक दाखवून सांगितलं असतं की नव्या तांदळात विष नसते, तर तो काय म्हणाला असता?

मी बोलायचं थांबलो. पाटलाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, मास्तरचं सरलं.

“पंडुम कधी हाय?” मी विचारलं.

“आंब्यात कोय धरू द्या. मंग.”

“परीक्षा त्याच्या आधी हाय, पाटीलभाऊ. चौथीची.”

“परीक्षा पुढच्या साली बी येईन.”

“परीक्षा येईन. पाचवी नाई येणार. साहेबानं सांगतलं हाय, औंदा चौथी बसली तर पाचवी. तुमच्या नातीले मी औंदा नाई बसवलं तर पुढच्या साली ते शाळेत राह्यते का?”

पुढच्या साली ती घरच्या कामाला लागेल, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याने मोहफुलांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाला, “गावाले विचारतो. उद्या सकाळी मोह वेचून झाल्यावर या. ज्यानं पाजलं त्याले बी आणा.”

परत आलो तर लहान गुरुजी ओट्यावर कागद घेऊन बसला होता.

“सर, मी राजीनामा देतो. सगळी चूक माझी आहे.”

“राजीनामा दिल्यावर कैऱ्या परत झाडाला लागतील का?”

“पण मला कोणी सांगितलं असतं तर—”

“मुलं सांगत होती. नको म्हणत होती ना?”

“मला वाटलं, चव आवडत नसेल.” त्याचे डोळे भरून आले. “मी त्यांच्या बऱ्यासाठीच केलं, सर.”

“ते गावालाही माहीत आहे. म्हणून तर तू अजून ओट्यावर बसला आहेस. तो कागद ठेव आणि भात टाक.”

सकाळी गावाबाहेरच्या मोठ्या झाडाखाली माणसं बसली होती. बाया जरा मागे, लेकरं त्यांना चिकटून. चौथीची मुलं मला दिसत होती आणि मी तिकडे पाहिलं की ती मान खाली घालत. पुजारी म्हातारा होता, त्याला मराठी येत नव्हती. तो माडियात बोलायचा आणि पाटील मराठीत सांगायचा. बरीच बोलाबोली झाली. एका बाईने हात नाचवून काहीतरी मोठ्याने म्हटलं आणि सगळे हसले. मी पाटलाकडे पाहिलं.

“ते म्हणते, लहान मास्तरले लगन करून द्या. घरात बाई असती तं तिनं सांगतलं असतं, कधी काय रांधाचं.”

लहान गुरुजी लाल झाला. हसणं थांबल्यावर पाटील पुढे बोलू लागला.

“गाव असं म्हणते. शाळा हे बी गावातलं एक घर हाय. आमीच बल्ल्या आणून बांधलं. ह्या घरात आंबा आधी खाल्ला गेला. मंग घरानं दोष मांडाचा. कोंबडा, तांदूळ, मोहाची दारू. पुजारी धरतीले सांगन का लेकरं अजाण होते. त्याच्यावर दोष नाई. मंग लेकरं शाळेत येतीन. पण पंडुमपर्यंत त्या घरात आंबा शिजाचा नाई.”

“कबूल,” मी म्हटलं.

लहान गुरुजी पुढे झाला. “मी बसतो पूजेला. मी पाजलं, मीच बसेन.”

पाटलाने ते पुजाऱ्याला सांगितलं. पुजाऱ्याने नाही अशी मान हलवली आणि एकच शब्द विचारला. पाटील माझ्याकडे वळला.

“तो विचारते, घरात मोठा कोण?”

मी तेव्हा सरकारी नोकर होतो. शाळेच्या हेडमास्तरने झाडाखाली बसून दारू वाहिली, कोंबडा दिला, हे वर गेलं तर कोणी काय लिहील सांगता येत नव्हतं. लहान गुरुजीने माझ्या बाहीला हात लावून हळूच तेच म्हटलं, “सर, साहेबांच्या कानावर गेलं तर?”

“जाऊ दे,” मी म्हटलं आणि पाटलाला सांगितलं, “मोठा मी.”

“मंग तुमी बसा.”

हा माणूस माझ्या हाताखालचा आहे, याने चूक केली, मी तेव्हा गावात नव्हतो, हे सगळं खरं होतं. त्यातलं एकही तिथे बोलायच्या कामाचं नव्हतं. हेडमास्तरची खुर्ची म्हणजे काय ते मला नागपूरच्या कोणत्याही वर्गात इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. पण मला त्यात कमीपणा वाटला नाही, हेही सांगतो. आमच्या घरी नव्याच्या पूजेला बाप बसायचा. इथे शाळेच्या घरात मी बसलो. बाप शिकलेला नव्हता आणि मी शिकलेला होतो, पण पाटावर बसल्यावर तेवढ्याने काही फरक पडत नाही.

आमच्याच परसातला कोंबडा होता. तांदूळही माझ्या घरचाच, बापाने पाठवलेला. पुजाऱ्याने मोहाची दारू पानातून धरतीवर थेंब थेंब सोडली आणि पुटपुटत राहिला. मग पाटील म्हणाला, आता तुमी बोला. काय बोलायचं ते कोणी सांगितलं नाही. शाळेत मी पुस्तकी मराठी बोलायचो. तिथे तोंडातून घरचं बोलणं आलं.

“माय, ह्या घरानं आधी खाल्लं. लेकराईचा दोष नाई. घरात मोठा मी हावो. माह्यावर धर. पुढं असं नाई होणार.”

पाटलाने ते माडियात सांगितलं. मागे बाया कुजबुजल्या. पुजारी माझ्याकडे बघून काही बोलला.

“काय म्हणते?”

“म्हणते, हा मास्तर कोणाच्या तरी चांगल्या घरचा हाय.”

मला बी.ए.चा निकाल लागला तेव्हा झाला होता तेवढाच आनंद झाला. बापाला पुढे सांगितलं तर तो म्हणाला, “हे त्याले आत्ता समजलं का?”

दुपारी घंटा वाजवली आणि मुलं आली. आधी दबकत, मग नेहमीसारखी. चौथीला मी शाळा सुटल्यावर संध्याकाळीही घेऊन बसलो. लहान गुरुजी त्या दिवसापासून वर्गात काही नवं करायचं झालं की आधी मुलांना विचारायचा, हे चालते ना? मुलांना त्याची इतकी सवय झाली की नवा पाढा सुरू करतानाही ती त्याला गंभीरपणे म्हणायची, चालते जी.

परीक्षेला आम्ही आलापल्लीला बंडीने निघालो. पाटलाने स्वतःची बंडी आणि बैल दिले, आणि चौथीतल्या मुलांच्या आयांनी शिदोऱ्या बांधून दिल्या. पोचायला संध्याकाळ झाली. परीक्षा दुसऱ्या सकाळी. ज्या शाळेत केंद्र होतं तिथल्या हेडमास्तरने बाहेरगावच्या सगळ्या मुलांच्या जेवणाची सोय केली होती. चांगला माणूस, पण थट्टेखोर. भात, वरण, आणि वर ताज्या कैरीची चटणी. उन्हाचं पोरांना बरं वाटावं म्हणून त्याने मुद्दाम करवली होती.

पंगतीत वाढपी चटणीची वाटी घेऊन फिरू लागला. आमची मुलं उपाशी होती, दिवसभर बंडीत हलून आली होती. दोषाची भीती घालणारं गाव मागे राहिलं होतं आणि पुढे बघणारं कोणी नव्हतं. एका मुलाने चटणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दुसऱ्याने. पाटलाची नात पानावर हात आडवा धरून बसली होती, पण तीही माझ्याकडेच बघत होती. मुलं माझ्या पानात काय पडतं ते बघत होती, हे माझ्या लक्षात आलं.

मी काही बोलायच्या आत पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. लहान गुरुजी वाढप्याला सांगत होता, “आम्हाला नको. ह्या ओळीत कोणालाच नको.”

“काऊन जी? ताजी हाय, आताच वाटली.”

“ताजी आहे म्हणूनच नको.”

यजमान हेडमास्तर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “वा, साहेब! नागपूरला जाऊन बी.ए. झाले आणि कैरीच्या चटणीला भिऊन राह्यले?”

बाकीच्या गावांचे मास्तर हसले. कोणी म्हणालं, जंगलात राहून माणूस जंगली होते. माझा स्वभाव असा की बी.ए.वर कोणी बोललं की मला राग येतो. त्या वेळी नाही आला. मुलं माझ्याकडे बघत होती.

“आमच्या घरी अजून आंबा आला नाही,” मी म्हटलं. “आला की तुम्हाला जेवायला बोलावतो.”

आणि मी वरणात भात कालवला. पंगतीतली आमची ओळ जेवायला लागली. पाटलाच्या नातीने पानावरचा हात काढला. परत वरण मागितलं, दोनदा मागितलं.

सकाळी परीक्षा झाली. मी बाहेर एका ओंडक्यावर बसून राहिलो. लहान गुरुजी एकाच जागी फेऱ्या मारत होता. मुलं बाहेर आली तेव्हा त्यांना काय सोपं गेलं, काय अवघड, असं मी विचारलं नाही. त्यांना विचारलं, भूक लागली का? लागली होती.

निकाल नंतर आला. सगळी पास नाही झाली. दोघं गणितात राहिले, ते मी पुढच्या वर्षी पास करून काढले. पण बाकीची झाली आणि पाटलाची नात चांगल्या गुणांनी झाली. साहेबांनी शब्द पाळला. शाळेला जोडून पाचवीची खोली बांधायला गावाने बल्ल्या आणि बांबू आणले. पाटील काम बघायला येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “घर वाढून राह्यलं, मास्तर.”

पण निकालाच्या आधी पंडुम झाला होता. पुजाऱ्याने दिवस धरला, गाव झाडाखाली जमलं, आणि धरतीचं, वाडवडिलांचं झाल्यावर घराघराच्या मोठ्या माणसाला बोलावून आंब्याचा वाटा दिला. पाटलाने नाव घेतलं नाही, नुसतं म्हटलं, “शाळेचं घर.” मी पुढे झालो आणि पानात बांधलेले आंबे घेतले.

त्या दुपारी लहान गुरुजीने पुन्हा तेच पातेलं चुलीवर ठेवलं. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ घातला. सुट्टी लागली होती तरी मुलं आली, मोठी माणसंही आली, पाटीलही येऊन ओट्यावर टेकला. द्रोण भरले. पहिला कोणाला द्यायचा असा लहान गुरुजीला प्रश्न पडला, आणि मग तो स्वतःच उठून पाटलाच्या नातीकडे गेला.

तिने दोन्ही हातांनी द्रोण घेतला, आजोबाकडे पाहिलं, आणि सगळा एका दमात प्याली. लहान गुरुजी वाट बघत उभा होता.

“कसं झालं?”

तिने ओठ पुसले, थोडा विचार केला आणि मला गणितात बरोबर उत्तर सांगायची त्याच आवाजात म्हणाली,

“गूळ कमी झाला, गुरुजी.”